आक्काची जमीन, माझी सही

आमच्या लोहारा तालुक्यात अमक्यानं तमक्याला कुलमुखत्यार केलं असं कळलं, की ऐकणारा आधी विचारतो, "कितीला?" कागदाच्या आडून जमीन विकली गेलीय, हे त्यानं धरूनच ठेवलेलं असतं. माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, तिच्या वाट्याच्या रानासाठी मला मुखत्यार केलं तेव्हा माझ्याकडंही लोक त्याच नजरेनं बघत होते. मी जिल्हा परिषदेचा निवृत्त मास्तर. पोरांना औपचारिक पत्राचे नमुने घोकवण्यात माझी नोकरी गेली. "मी खाली सही करणार" एवढ्याशा शब्दांच्या पोटात काय काय असतं, ते मात्र मला पेन्शन सुरू झाल्यावर उमजायला लागलं. आता स्वतःसाठी कुणाला तरी नेमायची पाळी माझ्यावर आलीय, म्हणून दोन्ही बाजूंनी जे दिसलं ते लिहून ठेवतो. कायदा वकिलाला विचारावा. माझ्याकडं आहेत त्या ऐकीव, वाचीव आणि अंगावरून गेलेल्या गोष्टी.

१. मुखत्यारपत्राची गरज ज्याच्यावर विश्वास टाकलाय त्यालाच जास्त असते. मला हे अगदी उलटं वाटायचं. भावोजी गेले आणि आक्का पुण्याला थोरल्या लेकाकडं राहायला गेली. कागद करू म्हटलं तर म्हणाली, "कागुद कशाला रे? तू काय परका हायस व्हय?" ऐकून मूठभर मांस चढलं. मीही मग विषय सोडून दिला. पण आमच्याकडं भाऊ बहिणीला घेऊन रजिस्ट्री ऑफिसकडं निघाला की गाव त्याचा एकच अर्थ लावतं: हक्कसोड. वडिलांच्या जमिनीत लेकींना बरोबरीचा वाटा महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, केंद्रानं २००५ साली. तरी माहेर तुटायला नको म्हणून सह्या करून मोकळ्या होणाऱ्या बहिणी प्रत्येक वाड्यात सापडतील. पुढं कागद केलाच, तेव्हा एका चुलतभावानं पारावर सगळ्यांदेखत विचारलं, "मास्तर, आक्काचं सोडून घेतलं म्हणं?" मी पिशवीतून मुखत्यारपत्राची झेरॉक्स काढून त्याच्या हातात दिली. विक्री नाही, गहाण नाही, बक्षीस नाही, हक्कसोड नाही, असं त्यात ओळीनं लिहिलेलं. त्यानं ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. माझ्या चांगुलपणाचे दाखले मी तासभर दिले असते तरी त्या चार 'नाहीं'इतकं काम झालं नसतं.

२. 'सर्व अधिकार' देणारा माणूस दिलदार असतो असं नाही, बऱ्याचदा त्याला वाचायचा कंटाळा आलेला असतो. आमचा पहिला मसुदा कचेरीसमोरच्या टपरीवरच्या कॉम्प्युटरमधून निघाला. त्यात आधीच्या कुठल्या तरी पक्षकाराचा गट नंबर तसाच राहिलेला, शिवाय जिल्हाही 'उस्मानाबाद'च. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, टपरीवरच्या नमुन्याला अजून पत्ता नव्हता. कलम मात्र एकही सुटलं नव्हतं: विकणे, गहाण टाकणे, दावा लावणे, दाव्यात तडजोड करणे, पैसे घेऊन पावती देणे. आक्का म्हणाली, "लिव्ह समदंच, परत परत कोण यील?" सुदैवानं आम्ही तो वकिलांना दाखवला. त्यांनी एकेक कलम मोठ्यानं वाचलं आणि दर कलमाला आक्काला विचारलं, "हे द्यायचंय?" बरीच कलमं त्या एका प्रश्नातच गळाली. कोर्ट हा कागद ताणून वाचत नाही, जे लिहिलंय तेवढाच अधिकार धरतं, हे त्यांच्याकडूनच कळलं. म्हणजे लागणारं कलम राहिलं तर काम अडतं आणि नको ते राहिलं तर झोप उडते. आता खर्चाचंही सांगतो. आमच्या तोंडात अजून 'शंभरचा बाँड' बसलाय, पण ऑक्टोबर २०२४ पासून १०० आणि २०० रुपयांचा मुद्रांक जिथं चालायचा तिथं ५०० चा लागायला लागला. जमीन विकायचा अधिकार जवळच्या नात्याबाहेरच्या माणसाला द्यायचा तर मुद्रांक शुल्क जवळपास खरेदीखतासारखंच पडतं. सरकारलाही आमच्या गावासारखाच संशय येतो म्हणायचा.

३. रजिस्ट्री ऑफिसात सगळ्यात मोलाचं काम एका प्रश्नानं होतं आणि त्याची पावती कुणी देत नाही. जमिनीचे कागद मुखत्यारानं नोंदणीला हजर करायचे तर त्याचं मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकासमोर झालेलं लागतं. १९०८ चा नोंदणी कायदा तसं सांगतो. नुसत्या नोटरीच्या लाल शिक्क्यावर तिथं भागत नाही. आत फोटो झाला. अंगठ्याला मशीन काही दाद देईना. जन्मभर खुरपं धरलेला अंगठा, त्यावरच्या रेषा कधीच झिजलेल्या. ऑपरेटर पोरगं म्हणालं, "आजी, अंगठा डोक्याला घासा." आक्कानं पदर मागं सारून अंगठा केसांवरून फिरवला, पुन्हा काचेवर टेकवला. तेल लागल्यावर एकदाचा उठला. मग साहेबांनी कागदावरची मान वर केली आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. मला जरा लागलं ते. दारातून ऐकू येत होतं. "आजी, कशावर सही करताय ते माहितीय ना?" आक्का म्हणाली, "भावाला राबायला लावायलेय, फुकट." दोन्ही साक्षीदार हसले. साहेब काही हसले नाहीत, त्यांनी पुढं विचारलं, "जमीन विकायचा अधिकार दिलाय का?" "न्हाई, त्यो माझ्यापाशीच." मला बाहेर काढलं याचा राग तेवढ्यात निवळला. पुढं कुणी बोट दाखवलंच, तर मी तिथं नव्हतो हीच माझी बाजू होती.

४. प्रामाणिकपणा पुरत नाही, हे पटवून घ्यायला मला टिळकांपर्यंत जावं लागलं. ताईमहाराज प्रकरण शाळेत एका ओळीत उरकलेलं असतं. मोठेपणी ते वाचलं आणि अंगावर काटा आला. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित ऑगस्ट १८९७ मध्ये मरणपंथाला लागले. त्यांनी मृत्युपत्रात इस्टेटीची व्यवस्था टिळक, खापर्डे वगैरे मंडळींवर सोपवली. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटलेले. डोक्यावर एवढं असताना मित्राला नाही म्हणवलं नाही. १९०१ साली बाबामहाराजांच्या विधवेनं, ताईमहाराजांनी, औरंगाबादला जाऊन जगन्नाथाला दत्तक घेतलं. औरंगाबाद तेव्हा आमच्या धाराशिवासारखंच निजामाच्या राज्यात. मग ताईमहाराजांनीच दत्तविधान नाकारलं आणि कोर्टकचेऱ्या लागल्या. खोटी साक्ष दिल्याच्या आरोपावरून १९०३ मध्ये टिळकांना शिक्षा झाली, १९०४ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. दिवाणी दावा तरीही चालूच. मधे मंडालेची सहा वर्षं होऊन गेली आणि अखेर १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं दत्तक खरा ठरवला. मित्राच्या शब्दाखातर उचललेली जबाबदारी सतरा-अठरा वर्षं पुरली. मृत्युपत्राचा व्यवस्थापक आणि मुखत्यार कायद्यानं वेगळे, मान्य. पण दुसऱ्याच्या मालमत्तेपाशी उभ्या राहिलेल्या माणसाकडं जग कसं बघतं, ते दोन्हीकडं सारखंच. कायदा कोळून प्यालेल्या माणसाची ही गत. माझं कायद्याचं ज्ञान तर सातवीच्या नागरिकशास्त्रापुरतं.

५. हिशेब मागणाऱ्याचं एक वेळ सोपं असतं, न मागणाऱ्याचं फार जड जातं. मुखत्यारानं मागेल तेव्हा हिशेब द्यायचा, हे १८७२ च्या करार कायद्यातच आहे. आक्कानं तो कधीच मागितला नाही. रान बटईनं दिलेलं, खरिपाला सोयाबीन आणि तूर, रब्बीला ज्वारी, कडेनं करडई. बी, खत, फवारणी निम्मं निम्मं. माल आडतीवर गेला की पट्टी यायची. हमाली, तोलाई वजा जाऊन राहिलेला आकडा मी वहीत उतरवायचो आणि पट्टी टाचणीनं त्याच पानाला लावायचो. दिवाळीला आक्का आली की वही पुढं ठेवायची. ती उघडायची नाही. "ऱ्हाऊ दे. बांधावरच्या चिचंचं काय झालं?" त्या झाडाची चिंच पूर्वी भावोजी घरीच फोडून घ्यायचे. माझ्या लेखी त्या झाडाचं उत्पन्न म्हणजे दोन बरण्या. तिच्या लेखी सोयाबीनचा भाव हा सरकारचा विषय आणि चिंच तिची स्वतःची. तेव्हापासून वहीत चिंचेला वेगळं पान आहे. करडईच्या तेलाचा डबा पुण्याला कुणाबरोबर पाठवला, हुरड्याला कोण कोण येऊन गेलं, हेही त्यात येतं. वही मी थोरल्या भाच्यालाही दाखवतो. तो पैशाच्या आकड्यावरून भरभर नजर फिरवतो आणि पट्ट्या मात्र एकेक करून बघतो. पुण्यात राहून त्याला एवढं कळतं याचं मला मनातून बरं वाटतं. तसं मी कधी बोलून दाखवलेलं नाही.

६. वेगळ्या खात्यात पैसे ठेवा, असं सगळे सांगतात. बरोबरच आहे. पट्टीचे पैसे थेट आक्काच्या खात्यावर, खर्च माझ्या खिशातून आणि वर्षाकाठी एकदा फेड. यात जास्त सांगण्यासारखं काही नाही, एवढंच की वर्षभर आपण बहिणीचे सावकार असल्यासारखं वाटतं आणि ते अजिबात सुखाचं नसतं.

७. सही दुसऱ्याला देता येते, अंगठा देता येत नाही. आमच्या आज्याच्या काळात अडाणी माणसाची निशाणी म्हणून अंगठा असायचा. आता बी.ए., बी.एड. झालेल्यालाही अंगठ्याशिवाय कुणी विचारत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. भूम-परंड्याकडं तर गावंच्या गावं पाण्यात गेली. आमच्याकडं निदान काढणीला आलेलं सोयाबीन शेंगेतच कुजलं. अनुदानासाठी आधार, ई-केवायसी, शेतकरी ओळखपत्र, एकामागून एक सगळं लागायला लागलं. मी नोंदणी केलेलं मुखत्यारपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून केंद्रावर गेलो. समोरच्या मुलीनं ते आदरानं बघितलं आणि म्हणाली, "काका, हे ठीक आहे, पण ओटीपी आजींच्या मोबाईलवर जाईल." आजींचा मोबाईल पुण्यात नातीच्या हातात, नात कॉलेजात. गंमत अशी की ई-पीक पाहणी मी बांधावर उभं राहून माझ्या मोबाईलवरून करून टाकतो. उभं पीक माझ्या साक्षीनं चालतं, बुडालेल्या पिकाला मात्र मालकीणच लागते. पेन्शनचंही तसंच. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला जगातला कुठलाही मुखत्यार देऊ शकत नाही. आपण जिवंत आहोत हे ज्याचं त्यानंच सांगायचं. मोबाईलसमोर चेहरा धरून आता ते घरबसल्या होतं, तेवढी एक सोय झाली.

आणि बँक. तिथं तर वेगळंच राज्य. एका शाखेनं आमचं नोंदणीकृत पत्र नुसतं चाळून परत केलं, "आमच्या नमुन्यातलं आणा" म्हणून. मी तावातावानं नोंदणी कायदा सांगायला लागलो. साहेबांनी मला पाणी दिलं आणि त्यांचा नमुना पुढं सरकवला. तेव्हापासून आधी बँकेत विचारायचं आणि मग मसुदा करायचा, हा क्रम मी सगळ्यांना सांगत फिरतो.

८. 'मुखत्यारवर घेतलेली' जमीन आपली नसते. आमच्या पाहुण्यांत अशा प्लॉटवर घर बांधून वास्तुशांत केलेले लोक आहेत. अजून सातबाऱ्यावर जुन्या मालकाचंच नाव आहे. मुखत्यारपत्र, साठेखत आणि पैशाची पावती एवढ्यावर मालकी येत नाही, खरेदीखतच लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्वच्छ सांगितलं. मी ते पाहुण्यांना एका लग्नात पंगतीला सांगितलं. पुढच्या कार्याला पत्रिका आली नाही.

९. सगळ्यात जास्त गरज पडेल त्या दिवशी हा कागद संपलेला असू शकतो. या गोष्टीनं मला खऱ्या अर्थानं जमिनीवर आणलं. मागल्या साली आक्का एकच गोष्ट दोनदा विचारायला लागली. मग भावोजींचं जेवण झालं का, असं विचारलं. डॉक्टरांनी वयाचं म्हणून सांगितलं, पुढं काय ते बघू म्हणाले. मी मनात म्हटलं, बरं झालं, कागद वेळेत केला, आता यापुढं मीच बघायचं. वकिलांपुढं तसं बोलून गेलो तर त्यांनी पेन खाली ठेवलं. करार कायद्याच्या २०१ व्या कलमाप्रमाणं, नेमणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की मुखत्यारी आपोआप संपते. तिला कळतंय तोवरच मी तिच्या वतीनं. तिला कळेनासं झालं की माझ्याही हातातलं गेलं. म्हातारपणाची सोय म्हणून लोक जो कागद करतात तो म्हातारपणाच्या ऐन मधोमध बुडतो. मी दोनदा विचारलं, ते दोनदा हेच म्हणाले.

धाकटा भाचा इंग्लंडला असतो. तो फोनवर म्हणाला, "मामा, इथं तर वेगळा कागद असतो. बुद्धी गेल्यावरही चालतो. आधी करून सरकारी कार्यालयात नोंदवून ठेवायचा." २००५ च्या कायद्यानं तिकडं ती सोय झाली आणि २००७ पासून लोक ती वापरतात. आपल्याकडं तसा कागद नाही. जुन्या १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसाच्या मालमत्तेला जिल्हा न्यायालयाकडून व्यवस्थापक नेमून घ्यायची वाट होती. २०१७ चा नवा कायदा आला, त्यात ती वाट राहिली नाही. मग उरतं उच्च न्यायालय. कोमात गेलेल्या नवऱ्याची पालक म्हणून बायकोला नेमल्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं २०२० मध्ये दिला, तसे आणखीही आहेत. पण लोहाऱ्याच्या माणसानं सोयाबीनच्या पट्टीवर सही करायला छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जायचं, हे मला अजून डोळ्यांपुढं आणता येत नाही. वकील म्हणाले, जे करायचं ते आक्काला नीट कळतंय तोवर तिच्या तोंडून, तिच्या सहीनं करून घ्या. मृत्युपत्र, बँकेतलं वारसाचं नामनिर्देशन, मुलांमधली वाटणी. यात मुखत्यार कुठंच नव्हता. आम्ही सगळे एका रविवारी पुण्यात बसलो. आक्का तेव्हा अगदी चोख होती. कुणाला काय, हे तिनं घडाघडा सांगितलं आणि चिंचेचं झाड नातीच्या नावानं करा म्हणाली. झाड वेगळं नावावर होत नाही, हे तिला पटवता पटवता सगळ्यांच्या नाकी नऊ आले.

१०. मुखत्यारपत्र धन्याबरोबर जातं. आमच्या भागानं हे घाऊक शिकून घेतलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा लोहारा वेगळा तालुका नव्हता, आम्ही उमरग्यात होतो. सास्तूरकडं गावंच्या गावं दगड-मातीखाली गेली. माझ्या ओळखीतल्या एकाकडं चुलत्याचं मुखत्यारपत्र होतं, शेती, सोसायटी सगळं तोच बघायचा. चुलते ढिगाऱ्याखाली गेले. मदतीच्या रांगेत यानं तो कागद दाखवला, तर कारकुनानं हळू आवाजात सांगितलं, याचा आता उपयोग नाही, वारस कोण ते आणा. कालपर्यंत सगळं बघणारा माणूस त्या दिवशी रांगेतला एक झाला आणि चुलत्याची नांदायला गेलेली लेक, जिनं कधी सातबारा पाहिला नव्हता, ती वारस. कायद्यानं तेच बरोबर होतं, हे तोही मानतो. तरी सांगताना त्याचा आवाज बदलतो.

मरणानंतर धन्याचं एटीएम वापरून दिवसाचा खर्च भागवणारे मुखत्यार मी पाहिलेत. कुणाची नियत वाईट नसते, मांडववाल्याला पैसे द्यायचे असतात. पण त्या घडीपासून तो पैसा वारसांचा झालेला असतो.

११. परदेशातून मुखत्यारपत्र येणार असेल तर घाई तिकडं नसते, इकडं असते. धाकट्या भाच्यानं धाराशिवातल्या प्लॉटसाठी थोरल्याच्या नावं पत्र केलं. तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयाच्या अधिकाऱ्यासमोर सही-शिक्का झाला आणि कुरिअरनं आलं. आम्ही ते देवघराच्या कप्प्यात ठेवलं. असा कागद राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथला मुद्रांक व्हावा लागतो. आठवण ठेवली ती भाच्याच्या बायकोनं. देवाची जबाबदारी नव्हतीच ती.

१२. काढून घेणं देण्यापेक्षा अवघड. कागद रद्द करून भागत नाही, रद्द केल्याचं कळवावं लागतं. मुखत्याराला, बँकेला, तलाठ्याला (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), बटईदाराला आणि वर्तमानपत्रात जाहीर प्रगटन देऊन गावाला. ज्याला माहीत नाही त्याच्यापुरता जुना मुखत्यार अजून मुखत्यारच राहतो. सकाळच्या पेपरात त्या जाहिराती मी पूर्वी नुसत्या उलटायचो. हल्ली वाचतो. "सदर इसमाशी व्यवहार केल्यास माझ्यावर बंधनकारक राहणार नाही." त्या 'सदर इसमा'च्या जागी बहुतेकदा मुलगा असतो नाहीतर भाऊ.

१३. आणि आता माझं. ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव, तोच मुखत्यार म्हणून बरा पडतो असं नाही. पोरगा हिंजवडीला, जीव लावणारा. पण त्याला व्हॉट्सॲपवर सातबारा पाठवला की त्याच्याकडून अंगठा वर केलेलं चित्र येतं. लेक लातूरला असते, शिक्षिका आहे. ती फोन उचलते, नाही उचलला तर परत करते, कागदाला तारीख घालते आणि मुख्य म्हणजे मला "नाही" म्हणू शकते. बायकोला विचारलं तर म्हणाली, "मला कळलंवतं. तुम्हालाच उशिरा कळतंय." पोराला सांगायची धास्ती होती. तो म्हणाला, "बरं झालं बाबा," आणि इतक्या सुटकेनं म्हणाला की मलाच थोडं लागलं.

लेकीनं मसुदा घरी नेऊन वाचला. विक्रीचं कलम मी मुद्दाम ठेवलं होतं. आजारपणात पैसा उभा करायची वेळ आली तर अडू नये, म्हणून. तिनं त्याच्यावर आडवी रेघ मारून आणली. "विकायचं मला नको, बाबा. उद्या दादा काही म्हणणार नाही, पण वहिनीच्या माहेरचे म्हणतील." वाद घालायला माझ्याकडं मुद्दा नव्हता. पारावर मी जी झेरॉक्स दाखवत होतो, तिच्याच बळावर ती बोलत होती. तिनं आपणहून दोन ओळी वाढवल्या: वर्षातून एकदा दादाला हिशेब पाठवीन आणि मला जमेनासं झालं तर काम सोडायची मोकळीक राहील. दुसरी ओळ वाचून मी विचारलं, "आत्तापासूनच?" म्हणाली, "आक्काआत्याचं तुम्हाला सोडता आलं असतं का?" मी चहा मागवला.

मसुदा आता वकिलांकडं आहे. त्यांनी विचारलं, लेकीला अडचण आली किंवा तिचंच काही बरंवाईट झालं तर दुसरं नाव कुणाचं? मुखत्याराला परस्पर पोटमुखत्यार नेमता येत नाही, त्यामुळं ते आधीच लिहावं लागतं. तिथं पोराचं नाव घातलं. घोडं अडलंय ते साक्षीदारांवर. मी माझे दोन जुने सहकारी सुचवले होते, दोघंही मास्तर, दोघांचंही अक्षर सुरेख. वकील म्हणाले, सर, अक्षराचं राहू द्या, पंधरा वर्षांनी कोर्टात उभा राहून सांगू शकेल असा माणूस आणा. दोन्ही सहकाऱ्यांना हे कसं सांगायचं, यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.